राखेच्या उतारावर राहिलेलं भांडण

आई,

रविवारी तुमच्यासाठी आमच्याकडे लोक जमले होते. इथल्या, फ्रीमाँटमधल्या ओळखीच्या घरांतली माणसं. दाराबाहेर बुटांचा ढीग, आत सतरंजीवर दाटीवाटी. तुमच्या फोटोला हार घातला होता आणि एकेक जण तुमच्याबद्दल चार शब्द बोलत होता. किती प्रेमळ होत्या, किती सोशिक, कधी कुणाला दुखावलं नाही. मी चहाचे कप भरत ऐकत होते आणि मनात म्हणत होते, या बाई कोण? सोशिक हा शब्द कानावर पडताच तुम्ही उठून चालू लागला असता.

मला तसलं काही लिहायचं नाही. तुम्ही सोशिक नव्हता. साखरपुड्याच्या दिवशी, पहिल्याच भेटीत, तुम्ही मला सगळ्यांदेखत "पाठ ताठ ठेव" म्हणून सांगितलं होतं. अकोल्याच्या मुलींच्या शाळेत सगळी नोकरी खेळाच्या बाई म्हणून केलेली, तुम्हाला सून म्हणजे मैदानावरची अजून एक मुलगी. माझ्या वरणातल्या गुळावरून तुम्ही बोललात, मी लेकीला, रेवाला, इंग्रजीत रागावते यावरून बोललात, ऑफिसातून घरी आल्यावरही लॅपटॉप उघडते यावरून बोललात. मीही गप्प बसले नाही. डोंबिवलीत वाढलेल्या मुलीला गप्प बसायला कुणी शिकवलेलं नसतं. आपली भांडणं व्हायची आणि जेवायच्या वेळेपर्यंत मिटायची. एकच तेवढं राहिलं, सेंट हेलेन्स डोंगराच्या उतारावरचं. आता तुम्ही गेलात म्हणून त्यात तुमचंच बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही पहिल्यांदा आलात तो दोन हजार चारचा उन्हाळा. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. अविनाशला वाटत होतं, आई आता निवांत राहील, नातीला खेळवेल, संध्याकाळी बागेत बाकावर बाकीच्या आजी-आजोबांबरोबर बसेल. आम्ही तुम्हाला गोल्डन गेट दाखवला, देऊळ दाखवलं, मॉल दाखवला. सगळीकडे तुम्ही "छान आहे" म्हणालात, नापास होणाऱ्या मुलीला धीर द्यावा तसं. मग एक दिवस रेवाने लायब्ररीतून ज्वालामुखींचं पुस्तक आणलं. त्यात सेंट हेलेन्सचे दोन फोटो होते, एक गोल बर्फाळ माथ्याचा आणि दुसरा माथा उडाल्यानंतरचा. तुम्ही ते पान बराच वेळ बघत राहिलात आणि विचारलंत, इथे जाता येतं का?

जाता येत होतं. कॅलिफोर्निया ओलांडायचा, ऑरेगन ओलांडायचं, की पुढे वॉशिंग्टनमध्ये तो डोंगर. परमिट घेऊन लोक पार वर, विवराच्या काठापर्यंत चढायचे. अविनाश हसत म्हणाला, आई, तो जिवंत ज्वालामुखी आहे.

"मग मेलेल्यावर कशाला जायचं?" तुम्ही म्हणालात. "मेलेल्यावर तर जन्म गेला. आपल्याकडची काळी माती म्हणजे थंड झालेला लाव्हाच आहे. त्याच्यावरच खो-खोचं मैदान आखलं मी."

अविनाशला ती गंमत वाटली. मला वाटली नाही, कारण पुढच्याच आठवड्यात तुम्ही मला डोंगरावर नेणारी माणसं शोधायला बसवलंत. तुमचं इंग्रजी तुम्हाला फोनवर पुरेसं वाटत नव्हतं आणि माझं पुरत होतं. त्या काळात मी केलेले फोन मला अजून आठवतात. पहिल्या ठिकाणी वय ऐकून म्हणाले, त्यापेक्षा हेलिकॉप्टरमधून दाखवतो. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, कळवतो, आणि कळवलं नाही. तिसऱ्या ठिकाणी कॅरल भेटली. पन्नाशीची, स्वतःची छोटी गाइड कंपनी चालवणारी बाई. तिने वय विचारलंच नाही. विचारलं, त्या सलग किती वेळ चढ चढू शकतात? मी फोनवर हात ठेवून तुम्हाला विचारलं. तुम्ही म्हणालात, "सांग तिला, माहीत नाही. पण महिन्याभरात सांगते."

म्हणून आपण मिशन पीक चढायला लागलो. घराच्या खिडकीतून दिसणारा तो डोंगर मी चार वर्षं बघत होते, एकदाही चढले नव्हते. शनिवारी सकाळी तुम्ही ट्रॅकपँट आणि अविनाशचा जुना टी-शर्ट घालून तयार असायचात. उन्हाळ्यात तिथे सावली नसते, पिवळं वाळलेलं गवत आणि वाटेत आडव्या उभ्या गाई. पहिल्या दिवशी तुम्ही पुढे आणि मी मागे धापा टाकत. तुम्ही मागे वळून म्हणालात, एवढ्या वयात ही अवस्था? मी म्हटलं, दिवसभर खुर्चीत बसून सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, तुमच्यासारखी शिट्टी फुंकत नाही. दोघी हसलो. पुढचा निम्मा डोंगर त्यावरच वाद घातला.

स्वयंपाकघरातली आपली भांडणं तेव्हापासून कमी झाली. बाहेर पडायला त्यांना जागा मिळाली.

त्याच वाटेवर तुम्ही मला ते सांगितलंत. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या खो-खोच्या टीममध्ये तुमची निवड झाली होती, बाहेरगावी सामने होते आणि तुमच्या वडिलांनी सरांना परस्पर कळवून टाकलं की आमची मुलगी येणार नाही. तुम्हाला कळलं ते टीम गेल्यावर. मी विचारलं, खूप वाईट वाटलं असेल ना? तुम्ही म्हणालात, वाईट नाही, राग आला, तो अजून आहे, आणि तो गेला नाही हे बरंच झालं. मला तुमची ती गोष्ट फार आवडली होती. आमच्याकडे अशा गोष्टी शेवटी 'पण चांगल्यासाठीच झालं' म्हणून संपवतात. तुम्ही संपवली नाहीत.

सप्टेंबर संपत आला, कॅरलने तारीख दिली, आपले बूट घेऊन झाले, डॉक्टरांनी तुम्हाला तपासून हरकत नाही म्हणून लिहून दिलं. आणि निघायच्या आठवड्यात डोंगर हलायला लागला. वीस-एक वर्षं गप्प असलेला नेमका तेव्हा जागा झाला. आधी बारीक धक्के, मग वाफ, मग राख. वाटा बंद झाल्या. टीव्हीवर तो पांढरा लोट दाखवत होते, अविनाश चेहरा गंभीर ठेवायचा प्रयत्न करत होता आणि त्याला ते काही जमत नव्हतं. मला वाटलं तुम्ही खट्टू व्हाल. तुम्ही टीव्हीसमोर मांडी घालून बसला होतात, डोळे चमकत होते. "बघ," तुम्ही म्हणालात, "कसा उठून बसला." मग मला कॅरलला फोन करायला लावलंत आणि निरोप दिलात की मी थांबीन.

तुम्ही नोव्हेंबरात परत गेलात. पुढची दोन वर्षं रविवारच्या फोनवर तुमचा पहिला प्रश्न एकच असायचा, उघडला का? आमच्या ग्रीन कार्डचा रस्ता तेव्हा कुठेतरी बंद पडला होता. अविनाशला सुरुवातीला वाटायचं तुम्ही त्याच्याबद्दल विचारताय, आणि तो बिचारा सविस्तर उत्तर द्यायचा.

डोंगर दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात उघडला. तुम्हाला यायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं, कारण मधल्या काळात तुमचा उजवा गुडघा बिघडला होता आणि रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती. विमानतळावर तुम्ही चाकाच्या खुर्चीतून बाहेर आलात. अविनाशचा चेहरा पडला. तुम्ही ते पाहिलंत आणि म्हणालात की खुर्ची घेतली की इमिग्रेशनची रांग टळते, बाजूच्या सीटवरच्या बाईने शिकवलं. खरं काय होतं ते मी कधी विचारलं नाही.

या वेळी अविनाश ऐकेना. डॉक्टर पुन्हा हो म्हणाले, रोजचा व्यायाम पाहून उलट खूश झाले, तरी तो ऐकेना. एका संध्याकाळी जेवताना त्याने सरळ सांगितलं की मी नेणार नाही, तुम्ही दोघींनीही जायचं नाही. वर काही झालं तर मी काय करू, लोकांना काय सांगू, माझा विचार कर. तो रडवेला झाला होता. रेवा मध्येच म्हणाली, "आजी इज नॉट ओल्ड, शी इज जस्ट लाऊड." कुणी हसलं नाही.

तुम्ही ताटात भात कालवत होतात. कालवता कालवताच बोललात. "तू अमेरिकेला निघालास तेव्हा मी विचारलं होतं का, तुझ्या मागे काही झालं तर मी काय करू? तुझी बॅग मी भरली. आता माझी तू भर."

आवाज अजिबात चढला नव्हता. अविनाश उठून गॅरेजमध्ये गेला. मी त्याच्या मागे जाणार होते, तुम्ही हाताने थांबवलंत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तो तुमच्यासाठी चढायच्या काठ्या घेऊन आला, उंची तुमच्या मापाची करून घेतलेल्या. पुढे दोन दिवस गाडी चालवून त्यानेच आपल्याला तिथे पोचवलं. रेवाला घेऊन तो खाली गावातल्या मोटेलमध्ये थांबला. निघताना त्याने तुम्हाला नमस्कार केला. एरवी तो फक्त दिवाळीला करायचा.

आपण आठ जण होतो. कॅरल पुढे, तिचा मदतनीस डेव्हिड सगळ्यांच्या मागे, मध्ये आपण आणि चार जण, सगळे तरुण. उजाडायच्या आत जंगलातून निघालो. जंगल संपलं तशी मोठमोठ्या खडकांची धार सुरू झाली, लाव्हाचे काळे, खरबरीत दगड, हातमोज्यांशिवाय धरता येईनात असे. तिथे तुम्ही सुरेख चढलात. कॅरल मला म्हणाली, यांनी आयुष्यभर हेच केलंय का? मी म्हटलं, नाही, आयुष्यभर दुसऱ्यांना करायला लावलंय. तुम्ही विचारलंत काय म्हणाली, मी सांगितलं, आणि तुम्ही खूश झालात. तुमचा तो चेहरा, गालावर राख, डोक्याला माझा स्कार्फ बांधलेला. रविवारी हार घातलेल्या फोटोत तुम्ही भरजरी साडीत होता. दोन्ही तुम्हीच, पण मला विचारलं असतं तर मी हा लावला असता.

खडक संपले आणि राख आली. शेवटचा सगळा चढ बारीक राखेचा. एक पाऊल वर टाकलं की निम्मं खाली घसरायचं. तुमचा गुडघा तिथे बोलायला लागला. तुम्ही कण्हला नाहीत, पण काठ्यांवरचा भार मला दिसत होता. बाकीचे पुढे जात राहिले, आपण मागे पडत राहिलो. विवराचा काठ वर दिसत होता, त्यावर उभी असलेली माणसंसुद्धा दिसत होती. कॅरल खाली आपल्यापाशी आली, राखेत तुमच्यासमोर गुडघे टेकून बसली आणि म्हणाली की परत फिरायची वेळ तिने सकाळीच सगळ्यांना सांगितली होती. या वेगाने तुम्ही त्या वेळेच्या आत पोचणार नाही, आणि उशीर झाला तर उतरताना हाच गुडघा दगा देईल. डेव्हिड तुम्हाला सावकाश खाली नेईल. मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, तू मात्र येऊ शकतेस, तुझ्याकडे वेळ आहे.

हे सगळं मी तुम्हाला सांगायच्या आत तुम्हाला कळलं होतं. तुम्ही कॅरलशी वाद घातला नाहीत. खेळात पंचांचं ऐकायचं असतं, हे तुम्हीच कायम सांगायचात. तुम्ही डेव्हिडकडे पाहून मान हलवलीत आणि मला म्हणालात, "तू जा."

मी म्हटलं, मी तुम्हाला सोडून जाणार नाही.

"मी काय लहान आहे? हा पोरगा आहे माझ्याजवळ. तू वर जा, आत काय दिसतं ते पाहून ये आणि मला सांग."

मी नाही म्हटलं. तुम्ही पुन्हा सांगितलंत, मी पुन्हा नाही म्हटलं. राग आला की तुमच्या तोंडून अकोला बाहेर पडायचा, तसा पडला. "काहून थांबून राहिली तू? माझ्या नावावर थांबू नको. माझ्या नावावर कोणी थांबलेलं मला चालत नाही."

कॅरल आणि डेव्हिड तोंड फिरवून उभे होते. भाषा कळत नसली तरी भांडण कुणालाही कळतं. मी राखेत बसले. बसले म्हणजे बसकणच मारली. तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघितलंत, मग काही न बोलता डेव्हिडच्या मागे उतरायला लागलात. कॅरलने खांदे उडवले आणि ती वर गेली. मी उठून तुमच्या मागून आले. खाली पोचेपर्यंत तुम्ही एक अक्षर बोलला नाहीत. गाडीत तुम्ही अविनाशशी बोललात, रेवाशी बोललात, पेट्रोल पंपावरच्या मुलाशीसुद्धा बोललात. माझ्याशी नाही.

तुम्हाला वाटलं मी कर्तव्य म्हणून थांबले, सुनेने सासूला डोंगरात सोडू नये म्हणून. तुमच्या वडिलांनी तुम्हाला थांबवलं, आणि आता तुमच्यामुळे मी थांबले, म्हणजे तुम्ही त्यांच्या रांगेत जाऊन बसलात. एवढं मला तेव्हाही कळत होतं. पण आई, ते तसं नव्हतं. मला तो डोंगर तुमच्याशिवाय बघायचा नव्हता, इतकंच. तीन वर्षं आपण दोघींनी मिळून तो ठरवला होता. वर जाऊन एकटीने डोकावायचं आणि खाली येऊन तुम्हाला त्याचं वर्णन सांगायचं, याची मला अजिबात हौस नव्हती. हे मी तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं असं लोक म्हणतील. मी म्हणते, तुम्हालाही विचारता आलं असतं. दोघी हट्टी होतो. त्याची मी माफी मागणार नाही, तुम्हीही मागितली नसतीत.

परत जायच्या आदल्या दिवशी तुम्ही मेथी निवडत बसला होतात. मान वर न करता म्हणालात, कॅरलला फोन कर, पुढच्या साली दोघींची जागा ठेवायला सांग, मी गुडघ्याचं बघते. मी तिथेच उभ्या उभ्या फोन केला. आपल्यातला समेट तो एवढाच. हिवाळाभर रविवारच्या फोनवर तुम्ही माझ्याकडून काय काय करून घेत होतात, पायऱ्या चढतेस का, पाण्याची बाटली पाठीवर घेतेस का, आणि मी खोटं बोलले की तुम्हाला श्वासावरून कळायचं. अकोल्यात तुम्ही शाळेच्या मैदानाला चकरा मारत होतात. शिपाई गेट उघडून द्यायचा म्हणे, तुम्हाला अजून बाईच म्हणायचा.

आणि एप्रिलमध्ये तुम्ही गेलात. वंदनाताईंकडे नागपूरला होतात, सकाळी चहा घेतलात, पेपर हातात होता. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. कुठला डोंगर नाही, चढ नाही. खुर्ची, पंखा आणि चहा.

अविनाशच्या पासपोर्टवर अमेरिकेत परत यायचा व्हिसा होता, माझ्या नव्हता. मी गेले असते तर परत कधी येता येईल हे कुणी सांगू शकत नव्हतं. तो एकटा गेला. तुमच्या शेवटच्या कामाला मी नव्हते. याचा मला जो राग आहे तो तुमच्या खो-खोच्या रागासारखाच राहू देणार आहे. 'नशिबात नव्हतं' म्हणून मी तो संपवणार नाही.

तेराव्यानंतर वंदनाताईंनी मला फोन केला. तुमची मोठी लेक, तुमच्याइतकीच सरळ बोलणारी. त्या रडत होत्या आणि रडता रडता म्हणाल्या की तुम्ही लोकांनी आईला त्या डोंगरावर नेलंत, तिथेच तिचं हृदय खचलं, या वयात तिला काय गरज होती, आणि तू सून असून तिला अडवलं नाहीस. मी म्हटलं, ताई, डॉक्टरांनी दोनदा तपासलं होतं. मी म्हटलं, गुडघ्यामुळे परत फिरलो, हृदयामुळे नाही. त्यांना ते ऐकायचं नव्हतं. त्यांची आई गेली होती आणि त्यांना कुणीतरी दोषी हवं होतं. पण ते मी होणार नव्हते. आणि तुम्हाला 'बिचारी, सुनेने चढवलेली म्हातारी' मी कुणाला करू देणार नव्हते.

फोन स्पीकरवर होता. परवाच परत आलेला अविनाश शेजारी बसला होता, डोकं भादरलेलं, जेट लॅगने डोळे लाल. तो माझ्यावर ओरडेल की बहिणीवर, मला कळेना. त्याने फोन हातात घेतला.

"ताई," तो म्हणाला, "तिला कुणी नेलं नाही. ती गेली. गाडी मी चालवली, आणि तिने पुन्हा सांगितलं असतं तर पुन्हा चालवली असती."

 मग वंदनाताईंनी विचारलं, ती वर खूश होती का रे? तो म्हणाला, मी खाली होतो, हिला विचार. आणि मग मी तुमच्या लेकीला सगळं सांगितलं. खडकांवर तुम्ही कशा चढलात, कॅरल काय म्हणाली, आपण कशा भांडलो. भांडणाशी आल्यावर ताई रडता रडता हसल्या. म्हणाल्या, माझ्याशी तर ती हॉस्पिटलात, मी बाळंत होताना भांडली होती.

कॅरलचा फोन गेल्या आठवड्यात आला. जुलैसाठी दोन जागा आहेत, दोघी येताय ना? मी सांगितलं. ती हळहळली. मग म्हणाली की हवं तर रद्द करू, कुणी काही म्हणणार नाही. मी म्हटलं, रद्द नाही करायचं, दोघं येणार आहोत, फक्त दुसरं नाव बदल.

अविनाशने स्वतःहून विचारलं होतं. ज्या माणसाने तुम्हाला जायला नको म्हटलं तो आता शनिवारी सकाळी माझ्याबरोबर मिशन पीक चढतो, म्हणजे तिसरा हिस्सा चढतो आणि मग गाईंकडे बघत उभा राहतो. पोट सुटलंय त्याचं. इकडच्या मित्रमंडळींना हे विचित्र वाटतंय. वर्षभर तरी कुठे जाऊ नये, दुखवट्याचं घर आहे, एका काकूंनी हळूच सांगून पाहिलं. मी त्यांना लाडू दिला आणि तारीख सांगितली.

तुमच्या आठवणीसाठी जातोय असं मी कुणाला सांगत नाही. तुम्हाला ते आवडलं नसतं. कुणाच्या नावावर थांबायचं नाही तसं कुणाच्या नावावर चढायचंही नाही. मला आत डोकावून बघायचंय म्हणून मी जातेय. डोंगर आता पुन्हा शांत झालाय म्हणतात, अधूनमधून नुसती वाफ येते. तेवढी पुरे.

काल चढावर अविनाश एका दगडावर टेकला आणि म्हणाला, "तिथे मी मागे पडलो तर तू काय करशील?"

मी म्हटलं, थांबेन.

"आई चिडेल," तो म्हणाला.

"चिडू दे."